सर्बियन भाषा: दोन लिप्या, सात विभक्ती आणि ओळखीचे दीर-जावा

बेलग्रेडमध्ये एखाद्या दारावरच्या पाटीवर इंग्रजी वाटावीत अशी आठ अक्षरं दिसतात: पी, ई, सी, टी, ओ, पी, ए, एच. इंग्रजी वाचणारा ती 'पेक्टोपाह' अशी वाचतो आणि त्यातून काहीच अर्थबोध होत नाही. तिथे लिहिलेलं असतं 'रेस्तोरान'. लिपी सिरिलिक आहे. तिच्यात पी दिसतो तो र असतो, सी म्हणजे स आणि एच म्हणजे न. शिवाय बी म्हणजे व, वाय म्हणजे उ आणि एक्स म्हणजे ह. नवशिक्याला अनोळखी अक्षरं फारशी छळत नाहीत; ओळखीच्या चेहऱ्याची ही सहा अक्षरं छळतात. म्हणून सुरुवात यांच्यापासून करावी.

सर्बियन ही दक्षिण स्लाव्ह गटातली भाषा. बल्गेरियन, मॅसेडोनियन, स्लोव्हेन या तिच्या शेजारणी, तर रशियन आणि पोलिश दूरच्या बहिणी. सर्बियात ती राज्यभाषा आहे, बोस्निया-हर्जेगोव्हिनाच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि कोसोव्होत अल्बेनियनच्या जोडीला अधिकृत आहे. माँटेनेग्रोच्या घटनेत राज्यभाषा म्हणून माँटेनेग्रिनचं नाव असलं, तरी २०२३ च्या जनगणनेत मातृभाषा सर्बियन सांगणारे तिथे माँटेनेग्रिन सांगणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. २०२२ च्या जनगणनेनुसार सर्बियाची लोकसंख्या, कोसोव्हो वगळून, सुमारे ६६.५ लाख आहे. देशाबाहेरही हे लोक मोठ्या संख्येनं आहेत. १९६० नंतर युगोस्लाव्हियातून कामगार म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडला गेलेल्यांची आता तिसरी पिढी तिथे आहे, आणि शिकागोतली सर्ब वस्ती त्याहूनही जुनी. सर्बियाच्या उत्तरेला व्होयव्होदिना नावाचा स्वायत्त प्रांत आहे. तिथे सर्बियनसोबत हंगेरियन, स्लोव्हाक, रोमानियन, क्रोएशियन आणि रुसिन अशा सहा भाषांत प्रांताचा कारभार चालतो.

आजच्या सर्बियनला जो आकार आहे, तो बव्हंशी एका माणसामुळे. वुक स्तेफानोविच काराजिच (१७८७–१८६४) हा त्र्शिच गावच्या शेतकरी कुटुंबातला. त्याच्या काळी शिकलेले सर्ब लिहीत ती भाषा चर्चची जुनी स्लाव्हिक, रशियन आणि बोलीची सर्बियन यांची मिसळ होती. गावातल्या माणसाला ती समजत नसे. लिपीत चाळीसच्या वर अक्षरं होती आणि त्यांतल्या कित्येकांना स्वतःचा उच्चारच उरला नव्हता. वुकनं तत्त्व धरलं: जसं बोलता तसं लिहा, लिहिलंय तसं वाचा. ही कल्पना त्याच्या आधी साव्हा म्र्काल्यनं १८१० मध्ये मांडली होती; वुकनं ती शेवटाला नेली. जुन्या लिपीतली २४ अक्षरं त्यानं ठेवली आणि सहा नवी आणली. त्यांतलं 'य'चं अक्षर लॅटिनमधल्या जे वरून घेतलेलं होतं. ते पाहून ऑर्थोडॉक्स धर्मगुरू खवळले, कारण त्यांना त्यात कॅथलिक पंथाचा शिरकाव दिसला. १८१८ मध्ये व्हिएन्नात त्याचा सव्वीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश छापून आला आणि त्यानंतर दोन पिढ्या वाद चालला. सर्बियात या लेखनपद्धतीवरची शेवटची बंधनं १८६८ मध्ये उठली, तेव्हा वुकला जाऊन चार वर्षं झाली होती.

परिणाम असा की ३० ध्वनींना ३० अक्षरं आहेत आणि ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ करावे लागत नाहीत. उच्चार बदलला की लेखनही बदलतं. सर्ब माणूस तो 'सृबिन', पण त्याची भाषा 'सृप्स्कि'; पुढे स आल्यामुळे बोलताना ब चा प होतो, तो तसाच लिहिला जातो. गोड मुलगा 'स्लादाक', गोड मुलगी 'स्लात्का', कारण क पुढे आला की द चा त होतो. याला एक अपवाद लक्षात ठेवावाच लागतो: स आणि श यांच्या आधी द बदलून लिहीत नाहीत. म्हणून 'अध्यक्ष' हा शब्द 'प्रेदसेदनिक' असाच लिहायचा, कानाला तिथे त ऐकू आला तरी.

दुसरी लिपी लॅटिन. क्रोएशियाच्या ल्युदेवित गायनं १८३० मध्ये चेक भाषेच्या धर्तीवर, अक्षरांवर चिन्हं देऊन ती बसवली. सर्बियात मुलं पहिलीत सिरिलिक शिकतात आणि दुसरीत लॅटिन. त्यामुळे शाळा झालेला प्रत्येक जण दोन्ही लिप्या सहज वाचतो, आणि आपण नुकती वाचलेली पाटी कोणत्या लिपीत होती हे कित्येकदा त्याला आठवतही नाही. २००६ च्या घटनेच्या दहाव्या कलमानं सरकारी कामासाठी सर्बियन भाषा आणि सिरिलिक लिपी ठरवली आहे. १९०४ पासून निघणारं 'पोलितिका' हे दैनिक सिरिलिकमध्ये छापलं जातं. मात्र दुकानांच्या पाट्या, जाहिराती आणि मोबाइलवरचे संदेश यांत लॅटिनचाच भरणा आहे. सिरिलिकविषयी सर्ब माणूस हळवा असतो, त्याला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीनं आणि १९४१ मध्ये क्रोएशियातल्या फॅसिस्ट राजवटीनं या लिपीवर बंदी घातली होती.

सिरिलिकमधून लॅटिनमध्ये जाणं यंत्रालाही जमतं, पण उलटं जाताना घोळ होतो. लॅटिनमध्ये तीन ध्वनी दोन-दोन अक्षरं जोडून लिहितात: ल्य, न्य आणि ज. सिरिलिकमध्ये यांना एकेकच अक्षर आहे. 'इंजेक्शन'साठी सर्बियन शब्द 'इन्-येक्त्सिया'. यात न आणि य वेगळे उच्चारायचे असतात, पण साधं लिपी-रूपांतर त्यांना 'न्य'चं जोडाक्षर समजतं आणि शब्द बिघडतो. म्हणून चांगल्या रूपांतरकाला अपवादांची यादी द्यावी लागते. दुसरा घोळ घाईत टाइप करणाऱ्यांचा. अक्षरांवरची चिन्हं गाळून लिहिण्याला सर्ब लोक 'ओशिशाना लातिनित्सा' म्हणतात, म्हणजे केस कापलेली लॅटिन. तिच्यात 'कुचा' म्हणजे घर आणि 'कुत्सा' म्हणजे कुत्र्याचं पिल्लू हे दोन शब्द अगदी सारखे दिसतात. संदर्भावरून सर्बांना अर्थ लागतो, शिकणाऱ्याला लागत नाही. पहिल्या दिवसापासून फोनवर सर्बियन कीबोर्ड घालून घेतलेला बरा.

तिसरी अडचण मराठी वाचकाला लगेच पटेल. युनिकोडमध्ये सर्बियन आणि रशियन सिरिलिकला एकच संकेतांक आहेत, पण तिरप्या अक्षरांत दोघांची वळणं वेगळी. सर्बियन तिरपा 'प' लॅटिन यू सारखा आणि डोक्यावर आडवी रेघ असा असतो. रशियन तिरपा 'प' लॅटिन एन सारखा. तिरपा 'त' रशियनमध्ये एम सारखा, तर सर्बियनमध्ये खाली जोडलेल्या तीन उभ्या रेघा आणि वर आडवी रेघ. मजकुराची भाषा 'सर्बियन' अशी नोंदवली नसेल, किंवा फॉन्टमध्ये ती वळणं दिलेलीच नसतील, तर संगणक रशियन वळण दाखवतो. मराठी 'ल' आणि 'श' यांच्याबाबतीत हेच घडतं: संकेतांक हिंदीशी एकच, वळण वेगळं, आणि भाषा 'मराठी' नोंदवली नाही की पडद्यावर हिंदी वळण येतं. उपायही तोच. मजकुराची भाषा नोंदवायची आणि स्थानिक रूपं असलेला फॉन्ट निवडायचा.

आता उच्चार. ट, ड, ण, ळ या भाषेत नाहीत आणि ख, घ, थ, ध, भ हे महाप्राणही नाहीत. त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. म्हणजे आपण इंग्रजीच्या सवयीनं 'टेस्ला' लिहितो, पण मूळ उच्चार 'तेस्ला'. 'चाक' आणि 'चोर' यांतला च तिथे स्वतंत्र अक्षर आहे. 'ओतात्स' म्हणजे वडील, याच्या शेवटी तोच च ऐकू येतो. 'चहा' मधल्या च ची मात्र दोन रूपं आहेत, एक मऊ आणि एक कडक. मऊ रूप मराठीतल्या 'चिमणी'च्या च जवळचं, जीभ टाळूला सपाट टेकवून काढायचं. कडक रूपात जिभेचं टोक थोडं मागे जातं आणि ओठ किंचित पुढे येतात. आडनावांच्या शेवटी येणारा '-इच' मऊ असतो: पेत्रोविच, जोकोविच, काराजिच. तो मूळचा 'चा मुलगा' अशा अर्थाचा प्रत्यय आहे, आणि आघात त्याच्यावर कधीच पडत नाही. ज च्याही अशाच दोन जाती आहेत.

र हा स्वर होऊ शकतो, आणि हे मराठी माणसानं मुद्दाम ऐकावं. संस्कृतात ऋ होता, पण आपल्या तोंडात त्याचा 'रु' झाला. सर्बियनमध्ये तो स्वर जिवंत आहे. 'प्र्स्त' म्हणजे बोट, 'क्र्व' म्हणजे रक्त, 'त्र्ग' म्हणजे चौक: यांत दुसरा स्वरच नाही, र लांबवून त्यावरच आघात द्यायचा. मध्ये 'अ' किंवा 'उ' घुसवला तर शब्द कळतो, पण बोलणारा परका आहे हे लगेच ध्यानात येतं. मृत्यूला 'स्म्र्त' म्हणतात, आणि ते नातं खरंच मृत्यू शब्दाशी आहे.

लिपीत एक गोष्ट मात्र दाखवत नाहीत: सूर. प्रमाण सर्बियनमध्ये आघात चार प्रकारचे आहेत, ऱ्हस्व किंवा दीर्घ, आणि त्यांतला प्रत्येक चढता किंवा उतरता. 'ग्राद' आखूड म्हटलं तर गारांचा पाऊस, लांब म्हटलं तर शहर. 'लुक' आखूड असेल तर कांदा, लांब असेल तर धनुष्य. दोन नियम धरले की निम्मं काम होतं: एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दात शेवटच्या अक्षरावर आघात देऊ नये, आणि उतरता सूर पहिल्या अक्षरावरच येतो. बाकीचं कानानंच शिकावं लागतं.

व्याकरणात मराठी माणूस इंग्रजी माणसाच्या बराच पुढे असतो. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेनं इंग्रजी भाषकाला सर्बियनसाठी ११०० तास धरले आहेत, हिंदीइतकेच. मराठी माणसाला त्यातलं पुष्कळ घरूनच मिळालेलं असतं. लिंगं तीन: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. इंग्रजीतल्या 'द' सारखं उपपद नाही. 'ति' म्हणजे तू आणि 'वि' म्हणजे तुम्ही. एकट्या माणसालाही मानानं 'वि' म्हणायचं, आणि क्रियापद तेव्हा अनेकवचनी. बाई आणि पुरुष बोलतात तेव्हा भूतकाळ बदलतो: 'रादिओ साम' म्हणजे मी काम करत होतो, 'रादिला साम' म्हणजे करत होते. कर्म सजीव आहे की निर्जीव, यावरही फरक पडतो. मराठीत 'मी शहर पाहतो' पण 'मी भावाला पाहतो'. सर्बियनमध्ये 'विदिम ग्राद', पण 'भाऊ' म्हणजे 'ब्रात' असला तर 'विदिम ब्राता'. हा नियम पुल्लिंगी एकवचनापुरता आहे.

पण याच सवयी एका जागी पाय अडकवतात. मराठीत भूतकाळी क्रियापद कर्माच्या मागे जातं: 'मी भाकरी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला'. सर्बियनमध्ये ते नेहमी कर्त्याच्या मागे जातं. पुरुष काहीही खावो, 'येओ साम'. बाईनं काहीही खावं, 'येला साम'. कर्म स्त्रीलिंगी आहे म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी करण्याची चूक आपल्याकडून हमखास होते.

विभक्ती सात, त्यात संबोधनही आलं. 'बेओग्राद' हे नाव घ्या. बेलग्रेडहून म्हणजे 'इज बेओग्रादा', बेलग्रेडकडे म्हणजे 'का बेओग्रादु', बेलग्रेडसमोर म्हणजे 'प्रेद बेओग्रादोम', आणि शहराला हाक मारायची तर 'बेओग्रादे!'. सगळ्यात जास्त गोंधळ 'उ' या शब्दयोगीचा. 'बेलग्रेडला जातो' यासाठी 'इदेम उ बेओग्राद', पण 'बेलग्रेडमध्ये आहे' यासाठी 'उ बेओग्रादु साम'. शब्द तोच, पण हालचाल असेल तर द्वितीया आणि मुक्काम असेल तर सप्तमी. विभक्तीची कोष्टकं पाठ करण्यापेक्षा शब्दयोगीसकट अख्खे तुकडे पाठ करावेत.

मोजणीत खाचखळगे आहेत. एक तास 'येदान सात', दोन, तीन, चार तासांना 'साता', आणि पाचपासून 'साति'. एकवीसला पुन्हा 'सात', बावीसला 'साता', पंचवीसला 'साति'. मात्र अकरा ते चौदा सगळे 'साति'. शेवटचा अंक बघायचा, फक्त अकरा ते चौदा वगळून.

क्रियापदं जोडीनं येतात, आणि सर्वांत जास्त मेहनत इथेच खर्ची पडते. 'चिताति' म्हणजे वाचत असणं, 'प्रोचिताति' म्हणजे वाचून संपवणं. 'चिताओ साम क्न्यिगु': पुस्तक वाचत होतो. 'प्रोचिताओ साम क्न्यिगु': पुस्तक वाचून काढलं. मराठीत हे काम 'काढणं', 'टाकणं', 'होणं' ही सहायक क्रियापदं करतात, त्यामुळे भेद आपल्याला कळतो. रूप मात्र लक्षात ठेवावं लागतं, कारण पुढे लागणारा उपसर्ग प्रत्येक क्रियापदाला वेगळा. 'लिहिणं' याला तो 'ना' लागतो: 'पिसाति', 'नापिसाति'. 'विकत घेणं' यात शेवटच बदलतो: 'कुपोवाति', 'कुपिति'. दोन चुका टाळल्या तरी बोलणं पुष्कळ सुधारतं. आत्ता काय करतोस याचं उत्तर पूर्णत्वाच्या क्रियापदानं कधीही देऊ नये. आणि 'सुरू केलं', 'थांबवलं' यांच्यानंतर नेहमी अपूर्णच वापरावं, कारण संपलेलं काम सुरू करता येत नाही.

शब्दक्रम बराच मोकळा आहे, फक्त छोट्या शब्दांचा नाही. 'आहे', 'त्याला', 'ते' अशा अर्थाचे आघात नसलेले शब्द वाक्यात दुसऱ्या जागी गोळा होतात आणि त्यांची रांग ठरलेली असते. 'काल मी त्याला ते दिलं' म्हणजे 'युचे साम मु गा दाओ': आधी सहायक, मग 'त्याला', मग 'ते'. 'काल त्यानं त्याला ते दिलं' म्हणताना मात्र सहायक 'ये' रांगेच्या शेवटी जातो: 'युचे मु गा ये दाओ'. या छोट्या शब्दांतला एकही वाक्याच्या सुरुवातीला येत नाही.

शब्दसंग्रहात मराठी माणसाला सर्वाधिक आपलेपणा नात्यांमध्ये सापडतो. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', म्हणजे आपला दीर. नवऱ्याचे वडील 'स्वेकार' आणि आई 'स्वेकृवा', म्हणजे श्वशुर आणि श्वश्रू, आपले सासरे आणि सासू. दिराची बायको 'येतृवा'. संस्कृत 'यातृ', आपली जाऊ. सुनेला 'स्नाहा', संस्कृत 'स्नुषा'. ही उसनवारी नाही. दोन्ही भाषांच्या समान इंडो-युरोपीय पूर्वजाकडून ती नाती दोन्हीकडे उतरली आहेत. बायकोच्या आईवडिलांना मात्र वेगळे शब्द आहेत, 'ताश्ता' आणि 'तास्त'. काका 'स्त्रित्स', मामा 'उयाक'. आत्या आणि मावशी दोघींना 'तेत्का' हा एकच शब्द. आईवडील लेकीलाही प्रेमानं 'सिने', म्हणजे 'मुला', अशी हाक मारतात.

दुसरा ओळखीचा साठा उस्मानी राजवटीचा. तुर्कीतून आलेले फारसी-अरबी शब्द तिथे आहेत आणि फारसीतून आपल्याकडेही. दुकान 'दुचान', बदाम 'बादेम', बक्षीस 'बक्शिश', दुश्मन 'दुश्मानिन', निशाण 'निशान', संदूक 'सांदुक', पुलाव 'पिलाव', शागीर्द 'शेगृत'. साखर 'शेचेर' आहे: संस्कृत शर्करा फारसीतून तुर्कीत आणि तुर्कीतून बाल्कनमध्ये पोहोचली. अर्थ सगळीकडे तेच राहिले नाहीत. 'निशान' म्हणजे नेम किंवा थडग्यावरचा दगड, झेंडा नव्हे.

भाषेच्या नावाचा प्रश्न नाजूक आहे. युगोस्लाव्हियाच्या काळात सर्बो-क्रोएशियन म्हणून एकच भाषा मानली जाई. १९५४ च्या नोव्ही साद करारानं तसं ठरवलंही होतं. १९९० च्या दशकातल्या युद्धांनंतर सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि पुढे माँटेनेग्रिन अशी चार अधिकृत नावं झाली. चौघांच्या प्रमाणभाषेचा पाया एकच बोली आहे, श्तोकाव्स्की, आणि बोलणारे एकमेकांशी दुभाष्याविना बोलतात. फरक आहेत: भाकरी सर्बियात 'ह्लेब', क्रोएशियात 'क्रुह', आगगाडी 'वोज' आणि 'व्लाक', हजार 'हिल्यादा' आणि 'तिसुचा'. दूध सर्बियात बहुतेक ठिकाणी 'म्लेको', तर बोस्निया, माँटेनेग्रो आणि क्रोएशियात 'म्लियेको'. बोस्नियातले सर्बही 'म्लियेको'च म्हणतात, म्हणून या एका उच्चारावरून कुणाचा धर्म किंवा देश ठरवू नये. भाषाशास्त्राच्या दृष्टीनं ही एका भाषेची चार प्रमाण रूपं म्हणता येतील. पण समोरचा माणूस आपल्या भाषेला जे नाव देतो, तेच आपण वापरावं. तिथल्या लोकांनी या नावांसाठी फार किंमत मोजली आहे.

सुरुवात करायची तर लिपीला रोज पाच अक्षरं घ्या, सहा दिवसांत तीस होतात. मग सर्बियाचा सार्वजनिक प्रसारक 'रादिओ-तेलेविझिया सृबिये' याच्या संकेतस्थळावरची बातमी आधी सिरिलिकमध्ये वाचायची आणि अडलं की तिथेच लॅटिनचा पर्याय दाबून ताडून पाहायची. क्रियापदं वहीत जोडीनं लिहा, एकेकटं कधीही लिहू नका.

परदेशी नावं सर्बियनमध्ये मराठीसारखीच उच्चाराप्रमाणे लिहितात: 'शेक्सपिर', 'न्युयोर्क', 'मुम्बाय'. आणि मग त्यांना विभक्ती लागते, 'उ मुम्बायु' म्हणजे मुंबईत. तुमच्या नावालाही ती लागणार. सचिनला भेटलो तर 'सचिना', रवीला भेटलो तर 'रविया'. 'आ'कारान्त बाईचं नाव पूर्ण चालतं: स्मिताला पाहिलं तर 'स्मितु', स्मिताबरोबर गेलो तर 'सा स्मितोम'. अश्विनी किंवा किरण नावाची बाई असेल तर नाव कोणत्याही विभक्तीत बदलत नाही. पण किरण नावाचा पुरुष असेल, तर ते सचिनसारखं चालवायचं.